फेटा, शाल आणि रविवारची खोली

आमच्या वर्गाला रविवारपुरती एक खोली हवी होती, बाकी काही नाही. बंगळुरातल्या यशवंतपूरच्या बाजारात हमाली करणाऱ्या, कारखान्यांत पॅकिंगला बसणाऱ्या बिहार-ओडिशाकडच्या माणसांना आम्ही तिघी मैत्रिणी कानडी शिकवतो. वर्ग कांद्याच्या गोदामात भरायचा. ते आता मालकाला परत हवं होतं, आणि खोली मिळाली नाही तर वर्ग बंदच होणार होता.

जवळच इथल्या जुन्या मराठी घराण्यांचा हॉल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरची मोठी खोली बारा महिने कुलपात. त्यांच्या संमेलनाला आसपासच्या गावांतूनही माणसं येतात. तिथे आमचा प्रकल्प मांडायला मला अर्धा तास मिळाला. मी भाषण इतकं घोटलं की नवरा कंटाळून भाजी आणायला जायला लागला, एरवी तो जागचा हलत नाही.

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. हार-शाली हातात द्यायला तुमचे विद्यार्थी पाठवा, असा त्यांचा निरोप होता. मी खूश होऊन चौघांना नेलं. सत्कार म्हणजे काय प्रकरण असतं, हे बंगळुरात इतकी वर्षं राहूनही मी विसरले होते.

आधी देणगीदार झाले, मग माजी अध्यक्ष, मग त्यांच्या पत्नी, मग मांडववाला. शेवटी ज्याने हार पुरवले त्यालाही त्याचाच हार घातला. माझा अर्धा तास डोळ्यांदेखत वाहून गेला. खालून बिसिबेळेभाताचा वास आला तशा पाहुण्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. तेवढ्यात सेक्रेटरी कानाशी लागले, "अक्का, भाषण स्वल्प आवरतं घ्या. अण्णांचा सत्कार झाला की जेवण." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अण्णांचा सत्कार माझ्या वर्गातल्या एका बाईच्या हातून होता. ती बिहारची, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग करणारी, वर्गात सगळ्यांच्या आधी बोलणारी. तिने अण्णांच्या डोक्यावर म्हैसुरी फेटा ठेवला, शाल पांघरवली, एका हातात नारळ आणि दुसऱ्यात फळांची करंडी दिली. मग बाजूला व्हायचं सोडून ती माइकपाशीच उभी राहिली आणि कानडीत सावकाश म्हणाली, "अण्णा, वरची खोली बंद असते. रविवारी आम्हाला द्या. आम्हाला अजून शिकायचंय."

अण्णांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी तर तिच्याकडून फक्त 'नमस्कार' पाठ करून घेतला होता. समोर झाडून सगळे नातेवाईक, डोक्यावर फेटा कललेला, आणि तो सावरायला हात मोकळा नाही. अण्णांना हसू फुटलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "येत्या रविवारपासून या." टाळ्या पडल्या आणि मंडळी जेवायला उठली. माझं भाषण पर्समध्येच राहिलं, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

पंगतीत ती माझ्या शेजारी बसली. वर्गात मी तिच्या प्रत्येक वाक्यात काही ना काही खोट काढते, म्हणून तिने भीतभीतच विचारलं, "टीचर, चूक कुठे झाली?"

कुठेच नाही, एवढंच मी म्हणाले. तिचा काही विश्वास बसला नाही.