जोडीनं वाहायचा त्रिशूळ

नागपूरच्या गांधीबागेत कृष्णकांत शेठचं लुगड्यांचं ठोक दुकान होतं. तिथे चंपतरावांनी एकतीस वर्षं काम केलं. कोणत्या गावात कोणता काठ खपतो, हे त्यांना पाठ होतं. खाप्याचा व्यापारी आला की ते विचारण्याआधीच जांभळ्या काठाचा गठ्ठा सोडत. "चंपतराव नसले तर दुकान आंधळं," असं शेठ एकदा चारचौघांत म्हणाले. ते वाक्य चंपतरावांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिले.

सहासष्ट साली त्यांची एकुलती एक मुलगी देवकी विषमज्वरानं महिनाभर अंथरुणाला खिळली होती. सहा वर्षांची पोर, हातापायांच्या काड्या झालेल्या. एका दुपारी तिची आई गोपिका देवापुढे बसली आणि बोलून गेली, "महादेवा, पोरगी उठली तर आमी दोघं जोडीनं चौरागडावर त्रिशूळ वाहू." पोरगी उठली. खाप्याला गोपिकेचं माहेर. तिच्या वडिलांनी तिथल्या लोहाराकडून छातीइतका उंच त्रिशूळ करवून पाठवला. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत तो दाराआड उभा राहिला. गोपिका दर सोमवारी त्याला तेलाचा हात फिरवी, कुंकू लावी.

नागपूरची माणसं महाशिवरात्रीला असे त्रिशूळ खांद्यावर घेऊन पचमढीच्या चौरागडाला जातात. मोटारीनं पायथा गाठायचा, सकाळी चढायला लागायचं, दुपारी जेवायला खाली. डोंगर अर्ध्या दिवसाचा. पण महाशिवरात्र येते ऐन लग्नसराईच्या तोंडाशी, आणि तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसे.

"औंदा जायचं नं?" गोपिका विचारी.

"शेठ सुटी देत नाही गोपिका. पुढच्या सालाले पाहू. डोंगर काय पळून जाते?"

गोपिका शेठच्या नावानं बोटं मोडी आणि भाकरी थापायला बसे. असं एक साल गेलं, पाच गेली, बारा गेली. देवकीच्या लग्नात शेठ स्वतः आहेर घेऊन आले, तेव्हा गोपिकेनं त्यांना बसा म्हटलं नाही. चंपतरावांनी ते पाहिलं आणि आचाऱ्याकडे काही काम काढून निघून गेले.

खरी गोष्ट अशी होती की, चंपतरावांनी शेठकडे सुटी कधी मागितलीच नव्हती. पहिल्या वर्षी ते शेठच्या गादीपर्यंत गेले होते. तेवढ्यात काटोलचा व्यापारी आला, शेठनं हाक मारली, आणि चार दिवस आपल्यावाचून दुकान कसं चालेल हा विचार त्यांना आवडला. पुढच्या वर्षी मागायचं ठरवलं. तिसऱ्या वर्षापासून घरी काय सांगायचं ते ठरूनच गेलं होतं.

ऐंशी साली नजर अधू झाली, काठ ओळखू येईनात, म्हणून त्यांनी काम सोडलं. शेठनं शाल दिली आणि म्हणाले, "चंपतराव, आपले सगळे लोक महादेवाले जाऊन येतात. तुमी कधी गेले नाही. मले वाटे, तुमी देवधर्म मानत नसान. नाही तर आठ दिवस दिले असते गा."

चंपतराव शाल घेऊन गांधीबागेतून नंदनवनापर्यंत पायी आले. हे बोलणं मात्र त्यांनी घरी सांगितलं नाही.

तोवर गोपिकेच्या गुडघ्यांत वात भरला होता. घराच्या दोन पायऱ्यासुद्धा ती भिंतीला धरून उतरे. तरी एक्याऐंशीच्या महाशिवरात्रीला ती म्हणाली, "मी खालीच बसून राहीन. तुमी वाहून या. देव काय समजत नाही का?" शेजारच्या रुखमाबाई दरवर्षी जात. त्यांनी मोटारीत जागा धरली, आणि तिघं निघाली.

पायथ्याशी झाडाखाली गोपिकेसाठी घोंगडी अंथरली. तिनं त्रिशुळाला दोन्ही हात लावले, ते तसेच थोडा वेळ ठेवले आणि म्हणाली, "जा आता."

चंपतरावांनी कमरेला शेला बांधला होता, खिशात गूळ-फुटाणे घेतले होते, पोटऱ्यांना तेल चोळलं होतं. ते चढू लागले. वाट सालाच्या झाडांतून जात होती, सावलीची, रुंद. मग पायऱ्या. पण दर वळणाला बसायला दगड, मध्येमध्ये लिंबूपाण्याची दुकानं. कडेवर पोरं घेतलेल्या बाया गप्पा मारत चढत होत्या. एक म्हातारा बिडी ओढत त्यांच्या पुढे निघून गेला. आता कठीण चढण लागेल, आता लागेल, अशी वाट पाहत असतानाच शिखर आलं. ऊन अजून कोवळं होतं. गूळ-फुटाण्यांची पुडी त्यांनी उघडलीही नव्हती.

वर हजारो त्रिशूळ एकमेकांना टेकून उभे होते. चंपतरावांनी आपला त्रिशूळ त्यांत रोवला, हात जोडले, पण मनात काही येईना. एवढंच येत होतं की, हे एवढंच होतं. सदुसष्ट साली गोपिका बत्तीस वर्षांची होती. खाप्याहून डोक्यावर तुरीचं ओझं घेऊन कन्हान नदी ओलांडणारी बाई.

उतरताना ते अर्ध्या वाटेवर, जरा आडोशाला, एका दगडावर बसले. लवकर खाली जायचं नव्हतं. डोंगर अवघड होता असं तिला वाटावं, तेवढा तरी वेळ जायला हवा होता. चार तास ते तिथेच बसून राहिले.

खाली पोचले तेव्हा दुपार कलली होती. गोपिकेजवळ रुखमाबाई बसल्या होत्या.

"लय कठीण आहे," चंपतराव कपाळ पुसत म्हणाले. "तुले जमलंच नसतं."

गोपिकेनं त्यांच्याकडे पाहिलं. "रुखमाबाई तुमच्यामागून गेल्या. कवाच्याच येऊन चहा पिल्या. तुमी कुठं होते?"

"बसलो होतो."

"काहून?"

रुखमाबाई उठून भांडी धुवायला झऱ्याकडे गेल्या. चंपतराव घोंगडीच्या कडेला टेकले. "शेठनं कधी नाही म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "मीच कधी सुटी मागितली नाही."

"एका सालीही नाही?"

"नाही."

 थोड्या वेळानं मोटार निघायची हाकाटी झाली. चंपतरावांनी हात पुढे केला. तिनं रुखमाबाईंना हाक मारली, त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि एकेक पाऊल टाकत मोटारीकडे गेली.

मोटारीत मात्र ती त्यांच्या शेजारीच बसली. तामियाचा घाट उतरून गाडी सपाटीला लागली. मग समोर पाहतच ती म्हणाली, "रस्ता कसा होता ते सांगा. आता खरं सांगा."

चंपतरावांनी पायथ्यापासून सुरुवात केली. पहिलं वळण, तिथला बसायचा दगड, दुसऱ्या वळणावरची सावली. एकही चढ-उतार न वगळता, सावकाश, ते सांगत गेले. प्रत्येक वळणाला गोपिका विचारत होती, "हे जमलं असतं मले?" आणि प्रत्येक वेळी त्यांना हो म्हणावं लागत होतं.