घशात हात घालण्याआधी

माझे यजमान जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. घोडेगावच्या पश्चिमेला, रस्ता डोंगराला लागतो तिथं तो दवाखाना. दोन खोल्या आणि पुढं जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. नेमणूक जखमा धुण्याची आणि पट्ट्या बांधण्याची होती, पण डॉक्टर एक आणि वाड्या डोंगरभर पसरलेल्या. त्यामुळं डॉक्टर नसले की लोक यांनाच घेऊन जात. प्रशिक्षण असं त्यांचं काही झालेलं नव्हतं. आधी झाडलोटीला लागले आणि मग डॉक्टरांचं बघून बघून शिकले. हात मात्र चांगला होता. अडलेली गाय सोडवून आले की पुढचे दोन दिवस त्यांच्या चालण्यात ऐट दिसायची.

आम्ही मूळचे येडगावकडचे. शेती सासरे आणि धाकटे दीर बघायचे. आम्ही दोघं आणि आमची लहान मुलगी घोडेगावात भाड्याच्या खोलीत राहायचो. नव्वदीचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी वरच्या वाडीतला एक माणूस दारात आला. त्याची गाय सारखी लाळ गाळत होती. चारा तोंडात घ्यायची, पण गिळायची नाही.

"घशात कायतरी अडाकलंय, भाऊ. चला लगोलग," तो म्हणाला.

डॉक्टर त्या दिवशी मीटिंगला पुण्याला गेलेले. यजमान एकटेच गेले. संध्याकाळी परत आल्यावर मोरीत हात धुताना मला म्हणाले, "कोपरापर्यंत हात घातला. घशात कायबी न्हाई. नुसती वरडत व्हती, आवाज पार घोगरा झालेला." हातावर गाईच्या दातांचे ओरखडे उठले होते. मी त्यावर खोबरेल तेल लावून दिलं. गाय दोन-तीन दिवसांनी मेली. वाडीतल्या लोकांनी ती पुरली, आणि आमच्यापुरता तो विषय संपला.

पावसाळा सरता सरता त्यांचा तो हात बधिर व्हायला लागला. मग ताप आला. मग एके दिवशी मी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्यांनी तोंड फिरवलं. घसा आवळतोय म्हणाले. पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुत्रं चावलं होतं का?" मी ठामपणे नाही म्हणाले. खरंच नव्हतं चावलं. मग त्यांनी विचारलं, "काम काय करतात?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खिशाला लावलं.

त्यांना जायला फार दिवस लागले नाहीत. शेवटी शेवटी मला जवळ जाऊ देत नव्हते. आम्हा मायलेकींना मात्र तिथं पोटात सुया द्यायला सुरुवात केली. कशासाठी ते कुणी समजावून सांगितलं असेलही, माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. सुतकासारखी तीही एक रीत असेल, असं समजून मी त्या घेतल्या.

मी मुलीला घेऊन येडगावला सासरी परतले. गावात लोक म्हणाले, त्या गाईचा पिसाळ लागला. काहीजण आमच्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. सासऱ्यांचं म्हणणं एकच, "त्याचं तेवढंच लिवलेलं व्हतं." मलाही तेच बरं वाटायचं. लिहिलेलंच होतं म्हटलं की पुढं विचार करावा लागत नाही.

वर्षभरानं दवाखान्याचे डॉक्टर येडगावला घरी आले. अनुकंपा तत्त्वावर यजमानांच्या जागी मला नोकरी मिळू शकते, मी बारावी झालेली आहे, खात्याचं काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. सासरे उठून उभे राहिले.

"ज्या कामानं माझं पोरगं खाल्लं, तिथं आता सून धाडू व्हय?"

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांच्यासमोर तोपर्यंत मी कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मामा, मी जाते," मी म्हणाले. "पोरगी शिकवायची हाय मला."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग घोडेगावात तुमच्यापाशी मीबी ऱ्हातो. पोरीला बघाया कुणीतरी पायजे." शेत त्यांनी धाकट्या मुलाच्या हवाली केलं.

प्रशिक्षणाला आम्ही बायका दोघीच, बाकी सगळे पुरुष. सुया-सिरिंजा उकळायच्या, जखमेतले किडे टर्पेंटाइनचा बोळा घालून बाहेर काढायचे, शेपटीखाली थर्मामीटर धरायचा. बैल पाडायला शिकवलं तेव्हा मला मनापासून आवडलं. दोर ठरल्या जागी गुंडाळून सावकाश ओढला की एवढा मोठा बैल आपणहून गुडघे टेकतो. ताकद लागतच नाही. रात्री खोलीवर मी उशीला सुतळी गुंडाळून त्याच गाठी मारत बसायची, आणि एकदा मला वाटून गेलं की हे सगळं त्यांना कुणी शिकवलं असतं तर ते किती खूश झाले असते.

मग तो तास आला. शिकवणारे सर वयस्कर होते, स्वभावानं मोकळे, वर्गाला हसवत शिकवायचे. त्यांनी फळ्याकडं पाठ केली आणि विचारलं, "गाय लाळ गाळतेय. गिळत नाही. आवाज घोगरा. मालक म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय. काय कराल?"

मागून एकजण म्हणाला, "हात घालून बघू, सर."

"घातलास की मेलास!" सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला.

ते पुढं कुत्रं चावून पिसाळलेल्या जनावराची लक्षणं सांगत होते. सगळी लक्षणं मला माहीत होती. मोरीत हात धुता धुता यजमानांनी मला तीच सांगितली होती. मी उभी राहिले. का उभी राहिले, ते आजही सांगता येणार नाही.

"सर, समजा हात घालून झालाय. मग काय करायचं?"

"साबणानं, वाहत्या पाण्याखाली चांगला वेळ हात धुवायचा. आणि त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू करायची."

"मग माणूस वाचतो?"

"वाचतो की. वेळेत घेतली तर वाचतो."

मी खाली बसले. पुढचं काहीच ऐकू आलं नाही. तोवर मला वाटायचं, गाईची लाळ लागली त्याच दिवशी ते गेले होते. आता कळलं की तसं नव्हतं. त्यानंतरचे कितीतरी दिवस ते जेवले होते, मुलीला खांद्यावर घेऊन बाजारात गेले होते, आणि त्या सगळ्या दिवसांत ते वाचू शकत होते. आम्हा दोघींना ज्या सुया दिल्या, त्याच सुयांनी.

मी कोण ते सरांना कुणीतरी सांगितलं असावं. दुपारी ते माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या वर्गाला तुम्ही सांगाल का, काय झालं ते? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील." मी नको म्हणाले. त्यांनी आग्रह केला नाही.

कामावर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तुमाला ठाऊक व्हतं?"

ते खिडकीपाशी उभे होते. "गाय दगावली, एवढंच त्यानं मला सांगितलं. हात घातला होता, हे नाही सांगितलं." मग म्हणाले, "आणि मी विचारलं नाही."

त्यांच्यावर चिडायचं मी ठरवून आले होते. चिडता आलं नाही. मामांना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. लिहिलेलं होतं, या एका गोष्टीवर त्यांचे दिवस चालले होते.

काही वर्षं गेली. बाईमाणूस बैलाला हात लावते म्हणून सुरुवातीला लोक जनावर परत न्यायचे, तेही हळूहळू थांबलं. एकदा पश्चिमेकडच्या एका वाडीत डॉक्टरांबरोबर गेले. भाताची खाचरं आणि मधे चार घरं. एका घरची म्हैस दावणीला हिसके देत होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. डॉक्टरांनी लांबूनच बघितलं आणि माझ्याकडं पाहिलं.

मी घरातल्यांना विचारलं, "हिच्या तोंडात हात कुणी घातला?"

मग घरची म्हातारी म्हणाली, "मी काढा पाजला. लेकानं जबडा धरला व्हता."

"दोघंबी आत्ता आमच्यासंगं चला. सुया घ्यायच्यात."

मुलगा हसला. "आमाला काय कुत्रं चावलंय का, बाई? भात लावायचा पडलाय."

डॉक्टर समजावू लागले, रोगाचं नाव सांगितलं. तो मान हलवत राहिला. तेव्हा मी बोलले. माझा नवरा असाच एका वाडीवर गेला होता, इथपासून सुरुवात केली. पाण्याचा तांब्या पुढं केल्यावर त्यांनी कसं तोंड फिरवलं, तेही सांगितलं. तोपर्यंत मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मधेच रडू फुटेल असं वाटलं होतं, पण फुटलं नाही. म्हातारी उठली, साबणाची वडी घेऊन मोरीत गेली, आणि आतूनच लेकाला ओरडली, "ये हिकडं, धू हात!"

म्हैस गेली. ती दोघं सगळी इंजेक्शनं पुरी करून धडधाकट राहिली.

ही गोष्ट घोडेगावच्या बाजारात पोचली आणि बाजारातून मामांच्या कानावर गेली. संध्याकाळी मी भाकरी करत होते. ते चुलीपाशी येऊन बसले.

"सुया घेतल्या असत्या तर त्यो वाचला असता?"

मी भाकरी तव्यावर टाकली. खोटं अगदी ओठावर आलं होतं.

"व्हय, मामा."

"मला का न्हाई बोललीस?"

"तुमाला सोसलं नसतं."

"सोसायचं ते सोसलंच की," ते म्हणाले. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी नेहमीसारखे नातीला शाळेत सोडायला गेले.

त्यानंतर कधीपासून कोण जाणे, एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर ते स्वतःच लोकांना सांगायला लागले. गाय-म्हैस लाळ गाळत असली तर हात घालू नका, घातला असला तर तडक दवाखाना गाठा. मधेच म्हणायचे, पोटात चौदा सुया घ्याव्या लागतात. ऐकून लोक घाबरायचे. मी एकदा म्हणाले, "मामा, आता पोटात न्हाई देत. दंडात देत्यात, आन लई थोड्या."

"दंडात का व्हईना," ते म्हणाले, "पर घ्या म्हनावं."