एका चाकाचा ब्रेक

आमच्या घरी एका चाकाची सायकल आहे, आणि ती कुणा पोराची नाही, माझ्या नवऱ्याची आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण सुरतेच्या डिंडोलीत आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. जिन्याखाली ती अर्धी सायकल कुणाची, आणि उरलेली अर्धी कुठे गेली? मी सांगते, उरलेली अर्धी माझ्या डोक्यावर आहे.

एका सर्कशीचा तंबू उठला तेव्हा ती भंगारात आली होती. हे पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. घरी येताना भंगारवाल्याकडे दिसली आणि उचलून घेऊन आले. मी विचारलं, हिचं करायचं काय? म्हणे शिकणार. चाळीच्या भिंतीला धरून धरून शिकले. कोपरं सोलली, शेजारणीच्या तुळशीची कुंडी फुटली, मी तिची माफी मागून आले, पण हे शिकले. एकदा एखाद्या गोष्टीनं झपाटलं की हा माणूस सुटत नाही. मिलमध्ये दिवसभर वाफेत उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी गल्लीत एका चाकावर हात पसरून फिरायचा, तेव्हा मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

या सायकलला चेन नसते. पायडल थेट चाकाच्या आसालाच. चाक फिरलं की पाय फिरणारच, पाय थांबले की चाक थांबणार. सपाटीवर राजाचा थाट. पण उतार लागला की चाक पळायला बघतं, आणि त्याला मागे रेटून धरायचं काम गुडघ्यांचं. ब्रेक नाहीच. ह्यांचा उजवा गुडघा मिलमध्ये उभं राहून राहून आधीच कुरकुरायचा.

आता उताराचं एवढं काय, तर कानबाई. आम्ही खानदेशातले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घरी कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी करायची, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तळ्यावर न्यायची. वाटेत रेल्वेवरचा पूल आहे. चढ ठीक, पण उतार असा की म्हाताऱ्या बाया एकमेकींचे पदर धरून उतरतात. आबांना मुलगा नाही, म्हणून सून नाही. आईची मान धरलेली. त्यामुळे देवी डोक्यावर घ्यायचं काम माझ्याकडे. लेक परक्या घरची झाली ना, असं एक चुलती कुजबुजली होती. आबा म्हणाले, "मग तू घे."

पण रोट मला नाही. रोट म्हणजे त्या दिवशीच्या खास दळणाच्या जाड पोळ्या. त्या भाऊबंदांनीच खायच्या, बाहेर द्यायच्या नाहीत, टाकायच्या नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या. लग्न झालेली लेक बाहेरची, आणि जावई तर बाहेरचाच. म्हणजे देवी वाहायला मी घरची आणि ताटावर बसायला परकी. सुरतेत आमचे भाऊबंद मोजकेच, रोट उरायचे, आणि आई-आबा ते शिळे, वाळके रोट चहात बुडवून चघळत बसायचे. मी समोर बसून बघायचे. दरवर्षी राग यायचा आणि दरवर्षी गिळायचे. राग, रोट नव्हे.

हे विदर्भातले. त्यांच्याकडे कानबाई नाही. आई-वडील लवकर गेले, मामाच्या घरी वाढले, पोटासाठी सुरतेत आले. एका वर्षी हे सहज गंमत म्हणून मिरवणुकीपुढे एका चाकावर निघाले. लोकांना आवडलं, बँडवाल्यांना आवडलं, आणि तेव्हापासून कानबाईपुढे ह्यांचं चाक असायचंच. आमच्या घरच्या देवकार्यात ह्यांचा वाटा तेवढाच. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण आषाढ लागला की चाक पुसायला काढायचे, त्यावरून मला कळायचं.

गेल्या वर्षी पुलाच्या उतारावर ह्यांचा गुडघा सटकला. हे उडी मारून बाजूला झाले, पण सायकल गडगडत माझ्या पायाशी आली. माझ्या डोक्यावर देवी! मी कशीबशी तोल सावरून उभी राहिले. काही झालं नाही. पण आबांनी पाहिलं होतं.

आबा आयुष्यभर लूम फिटर. पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, माग बिघडला की बोलावणं त्यांना. आणि आबा जावयाशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, जुनी रीत. जावई म्हणजे दशमग्रह, त्याच्याशी कामापुरतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून. तर ह्यांच्या देखत ते मला म्हणाले, "पाव्हनासले सांग, बरेक बठाडा, नहीं ते पायी चाला."

पाहुणे समोर बसलेले. ते मला म्हणाले, "आबांना सांग, बसवतो."

मी काय टेलिफोन आहे का?

या वर्षी आषाढ लागताच ब्रेकची शोधाशोध सुरू झाली. असल्या सायकलचे खास ब्रेक मिळतात, पण परदेशातून मागवायचे, आणि त्या किमतीत आमचं अख्खं स्वयंपाकघर बदललं असतं. सायकलवाला हसला, म्हणाला, "भाई, पहले दूसरा पहिया लाओ, फिर ब्रेक की बात करो." हे हसले नाहीत. भंगारातून एका जुन्या सायकलचा ब्रेक आणला, दोन्ही बाजूंनी रिमला चिमटा काढतो तो. चाकावरच्या दांडीला पट्टी मारून बसवला, आणि त्याची मूठ सीटखाली पुढच्या बाजूला, हात खाली नेला की सापडेल अशी. मला वाटलं, झालं! कसलं झालं. पाऊस होता. ओल्या रिमवर रबर नुसतं घसरत होतं. चाक आपलं मजेत पळत होतं.

आबांना ढिलं काम बघवत नाही. दुसऱ्याच्या घरचा पंखा वाकडा फिरत असला तरी ते स्टूल मागतात. पाना घेऊन ते जिन्याखाली बसले. चिमटा पुढेमागे केला, रबर खरवडलं, तार ताणली. मला म्हणाले, "लूमचा ब्रेक कसा पाहिजे? धागा तुटला की जागच्या जागी खट्. जरा पुढे सरकला की कापडात पट्टी पडते. मालक कापड तोंडावर मारतो." अर्धं आयुष्य त्यांनी मशीन जागच्या जागी थांबवण्यात घालवलं होतं. तसाच खट्ट ब्रेक त्यांनी ह्यांच्या चाकाला लावून दिला.

त्या दिवशी पाऊस उघडला होता, रस्ता कोरडा. कालव्याच्या कडेच्या उतारावर ह्यांनी मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबलं. हे थांबले नाहीत. चाक मागे राहिलं आणि हे पुढे, तोंडावर. हनुवटी फुटली, टाके पडले.

आगीतून फुफाट्यात! दवाखान्यातून आल्यावर माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आधी ह्यांच्यावर. म्हटलं, आता मिलमध्ये काय सांगणार, देवीपुढं सर्कस करताना पडलो? मग आबांवर. आबांना असं बोलायची माझी सवय नाही, पण त्या दिवशी बोलले.

"त्यांना थांबायचं नाहीये, आबा! सावकाश सुटायचंय! ते तुमच्या खात्यातलं मशीन नाही, वर माणूस बसलाय माणूस!"

आबांनी कप खाली ठेवला. चहा निवला. मग म्हणाले, "परत बोल."

"काय परत बोल?"

"सुटायचं म्हणालीस, ते."

"सावकाश सुटायचंय," मी म्हटलं. माझा राग अजून उतरला नव्हता.

"हां," आबा म्हणाले. "बीम."

ते मला लगेच कळलं, कारण लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन खात्यात जायचे. मागाच्या मागच्या बाजूला उभ्या धाग्यांचा मोठा रूळ असतो, त्याला बीम म्हणतात. पुढे कापड विणलं जातं तसं मागून बीम उलगडत जातं. मोकळं सोडलं तर धागे ढिले पडतात, घट्ट धरलं तर तुटतात. म्हणून जुन्या मागांवर बीमच्या टोकाला दोरीचे वेढे देऊन तिला वजन टांगतात. दोरी बीमला धरूनही ठेवते आणि थोडं थोडं सोडतेही. खट् वगैरे काही नाही.

म्हणजे हवा होता तो ब्रेक त्याच मागावर होता, फक्त मागच्या बाजूला. आबा पुढच्या बाजूला शोधत बसले होते.

दुसऱ्या दिवशी भंगार बाजारातून एक पातळ पुली आली. आबांनी ती चाकाच्या मधोमध, स्पोकच्या मुळाशी पक्की केली. तिच्यावर सुती दोरीचा वेढा दिला. दोरीचं एक टोक दांडीला बांधलं, दुसरं सीटखालच्या मुठीला. वजनाच्या जागी ह्यांचा हात. कुठलं टोक बांधायचं आणि कुठलं ओढायचं यावर त्यांनी बराच वेळ घातला, कारण उलटं झालं तर दोरी आपणच आवळत जाते आणि पुन्हा तोंडावर. पाऊस लागून दोरी फुगू नये म्हणून तेलाचा डबा कापून वर झाकण केलं. सगळा खर्च मिळून एका वेळच्या भाजीइतका.

हे टाके पडलेली हनुवटी घेऊन बघत होते. मला हळूच म्हणाले, "पुन्हा आबाच?"

"दुसरं कोण करणार आहे?" मी म्हटलं. "मी?"

पुन्हा त्याच कालव्याच्या उतारावर गेलो, आबा चाकाच्या बरोबरीनं चालत होते. "पाव्हनासले सांग, एकदम ओढू नका." "आबांना सांग, नाही ओढत." दोघांच्या मध्ये पळत पळत मी निरोप देत होते. पण चाक धरल्यासारखं, सावकाश खाली आलं. गुडघ्यांना काही करावंच लागलं नाही. पायथ्याशी पोहोचल्यावर ह्यांनी पुन्हा वर जायचं म्हटलं, आणि मग पुन्हा.

कानबाईच्या सोमवारी बारीक झिमझिम होती. डोक्यावर देवी असली की मान खाली घालता येत नाही. मला पुढे फक्त ह्यांची पाठ दिसत होती, चाक दिसत नव्हतं. पुलाच्या माथ्यावर आलो. उतार लागला. बँडवाल्यांना चेव आला, मागची माणसं ढकलू लागली, आणि ह्यांची पाठ एकदम पुढे झुकली. माझा जीव टांगणीला. देवी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

तेवढ्यात आबा ओरडले. माझ्याकडे बघून नव्हे. "जवाईबापू! सोडू नका! थोडं थोडं द्या!"

ह्यांनी मागे न बघता उत्तर दिलं, "देतो आबा!"

पाठ सरळ झाली. हे इतके सावकाश उतरले की मागची सगळी मिरवणूक त्यांच्या चालीनं उतरली, आणि म्हाताऱ्यांना पदर धरावे लागले नाहीत. तळ्यावर पोहोचेपर्यंत आबा चाकाच्या बाजूनंच चालले. दोघं काय बोलत होते मला ऐकू आलं नाही. निरोप्याची गरजच संपली होती.

घरी आल्यावर भाऊबंद जेवायला बसले. हे नेहमीसारखे बाहेर ओट्यावर सायकल पुसत होते. आबांनी त्यांना हाक मारून आत बसवलं आणि त्यांच्या ताटात रोट ठेवला.

आईचा हात वाढता वाढता थांबला. चुलतीनं तोंड उघडलं. आबा तिच्याकडे न बघता म्हणाले, "रोट संपाडाले मानसं लागतस. घरना मानसं."

हे ताटाकडे बघत राहिले, हात लावेनात. मला आनंद झाला, खरंच झाला. पण माझा स्वभाव! दारातूनच म्हटलं, "वा आबा! जावई घरचा, आणि जी देवी डोक्यावर वाहते ती?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढं साधं हिला कसं कळत नाही.

"तुना नवरा घरना शे ना? मंग तू बाहेरनी कसी? बठ."

मी बसले. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरचा रोट मोडला, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीला लावला आणि पहिल्याच घासाला रडले. लपवलं नाही. हे खाली मान घालून खात होते, टाके दुखत असतील तरी थांबत नव्हते. आईनं आणखी वाढलं. त्या वर्षी रोट संध्याकाळपर्यंत संपले.