बिनबोलावण्याची पेटी

"कोणी बोलावलं नाही, म्हणून आलो."

आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या बस स्टँडसमोर, माझ्या भाजीशेजारी लोखंडी घडीची खुर्ची उघडताना ते दर वेळी एवढं म्हणायचे. मग रुमालानं खुर्ची झटकायची, माझा टमाट्याचा रिकामा क्रेट पुढं ओढायचा आणि त्यावर पेटी ठेवायची. पेटी म्हणजे हार्मोनियम, नव्या पोरांसाठी सांगते. वाजवणार केव्हा, ते त्यांनाही माहीत नसायचं. मनात आलं की.

नाव सांगत नाही. आम्ही तरी कुठं नाव घेत होतो? आमच्याच बौद्धवस्तीतले, सरकारी शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई होते, म्हणून सगळे अटेंडर म्हणायचे, मी अटेंडरभाऊ. सगळी नोकरी हेडमास्तरच्या बेलवर गेली. बेल वाजली की उठायचं, घास तोंडात असला तरी. रिटायर झाल्यावर दुपारी घरी झोपले होते, गल्लीत कोणाची सायकल वाजली आणि हे ताडकन उठून उभे. बायको म्हणाली, "काय झालं?" हे म्हणाले, "साहेबानं बोलावलं." सांगताना स्वतःच हसायचे. मला काही ते फार हसण्यासारखं वाटायचं नाही.

पेटी शिकले ती तरुणपणी, वस्तीच्या गायन पार्टीत. जयंतीला वाजवायची, मग वर्षभर कपाटावर. पार्टीतली माणसं एकेक करून गेली, पोरांनी डीजे आणला, आणि मग बायकोही गेली. "घरात वाजवून पाह्यलं बाई," ते म्हणाले होते, "भिंत काही म्हणतच नाही. म्हणलं, जिथं मानसं हायेत तिथं जाऊन बसाव."

पहिल्या दिवशी ते माझ्याशेजारी नव्हते. समोरच्या कपड्याच्या दुकानाच्या पायरीजवळ बसले. तासभर नुसते बसले. हात पेटीवर, भाता बंद. ट्रक जात होते, धूळ बसत होती, तेवढी पुसायचे. आणि मी काय केलं? खोटं कशाला सांगू, ओळख दाखवली नाही. कोथिंबिरीत मान घातली.

आता तुम्ही म्हणाल, असं का? आमच्या जुन्या माणसांना गावाचा निरोप आला की डफडं घेऊन जावं लागायचं. कोणाचं लग्न असो, कोणाची मयत असो. पुढं चालत वाजवायचं आणि मागून हात पसरायचा. धम्म घेतला तेव्हा माझ्या सासऱ्यानं डफडं विहिरीत टाकलं. अटेंडरभाऊंच्या आज्यानंही टाकलं. आमच्या घरांत तेव्हापासून एक गोष्ट पक्की, रस्त्यावर वाजवायचं नाही. पोरं शिकली, कुणी मास्तर, कुणी क्लार्क. आणि हा माणूस भर चौकात वाद्य घेऊन बसलेला. लाज वाटली मला. आज त्या लाजेची लाज वाटते, पण तेव्हा वाटली ते वाटलीच.

शेवटी वाजवलं त्यांनी. दोन ओळी झाल्या नाहीत तोच एका प्रवाशानं पेटीवर नाणं ठेवलं आणि बसमध्ये चढला. अटेंडरभाऊ नाणं घेऊन त्याच्या मागं, बसच्या आत.

"तुमचं पडलं."

"दिया है, चाचा."

"मैंने मांगा नाही."

सगळी बस हसली. धापा टाकत परत आले, माझ्यासमोर थांबले. "बाई, ओळख नाही दाखवली तुमी."

मी त्यांची भाजी तोलली. दोन वांगी जास्त टाकली पिशवीत.

चार-पाच दिवसांनी कपड्यांच्या दुकानदारानं त्यांना आत बोलावलं. दुकानाचा वरचा नवा माळा उघडायचा होता. "चाचा, कल सुबह दरवाज़े पे खड़े होके बजाना. खाना भी यहीं."

"मैं बुलाने पे नहीं बजाता."

"तो क्या बिन बुलाए बजाते?"

"हां."

दुकानदाराला हा माणूस कळेचना. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसू दिलं नाही. तेव्हा ते खुर्ची घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडं आले. मी क्रेट रिकामा केला. एवढंच केलं मी, जास्त काही नाही.

मात्र एक कंडक्टरबाई होती, तेलुगू. बस लागली की खिडकीतून ओरडायची, "ताता, ओक पाट!" म्हणजे आजोबा, एक गाणं. तिच्यासाठी लगेच वाजवायचे. मी म्हटलं, "आता काऊन? तिनं तर सांगतलं ना!"

"तो हुकूम नोहे बाई, फर्माईश हाय. नाही म्हणलं तरी ते बाई हसतच जाईन."

मग एका बाजारच्या दिवशी मुलगा आला. आदिलाबादला मास्तर आहे, चांगला पोरगा. कोणीतरी त्याला सांगितलं होतं. गर्दीतच म्हणाला, "बाबा, पणज्यानं डफडं फेकलं ते यासाठी का? मले शाळेत लोकं विचारून राह्यले."

"त्यायले 'वाजव' म्हणत होते. मले कोणी म्हणलं?"

"पाहनाऱ्याले काय कळते?"

अटेंडरभाऊ पेटीवरची धूळ पुसत राहिले. मुलानं पेटी उचलली, स्कूटरवर बांधली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी हे रिकाम्या हातानं हजर. खुर्ची झटकली, बसले, मांडीवर ताल धरून गायला लागले. आवाज, काय सांगू, बिघडलेल्या हातपंपासारखा. माझी गिऱ्हाइकं पळाली. तीन दिवस असं चाललं. चौथ्या दिवशी मुलगा पेटी घेऊन आला, क्रेटवर ठेवली, म्हणाला, "बिना पेटीचे तर तुमी भिकाऱ्यावानीच दिसता," आणि थांबला नाही. अटेंडरभाऊ त्या दिवशी अंधार पडेस्तोवर वाजवत होते. थकलेले दिसत होते, पण उठत नव्हते.

तो मुलगा मग कधी ऐकायला आला नाही.

पुढं त्यांचा दमा वाढला. मुलानं आदिलाबादला नेलं, तिथंच ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले. शाळेतली माणसं बोलली. वक्तशीर होते, रजा घेत नव्हते, एका हाकेत यायचे. पेटीचं कोणी काढलं नाही. उठून आपण बोलावं असं दोनदा मनात आलं, पण गुडघे दुखत होते, आणि मांडवभर शिकलेली माणसं. मी बसूनच राहिले.

जेवणं झाल्यावर मुलगा शेजारी येऊन बसला.

"मावशी, खरं सांगा. लोकं काय समजत होते बाबाले?"

"पहिले हसले. मंग सवय झाली."

"अन् मंग?"

"मंग कोणी पाहे नाही."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं, लागलं याला. म्हटलं, "बाबू, भिकारी आला की लोकं तोंड फिरवतात. मोबाईल काढून पाहतात. तुया बापापाशी कोणी तोंड नाही फिरवलं. बसची वाट पाहत तिथंच उभे राहत, अन् बोलनं जरा हळू करत. एवढंच."

"हळू काऊन?"

"मोठ्यानं बोललं तर पेटी आयकू येत नाही ना."

माझ्यासमोरची पत्रावळ उचलायची राहिली होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं उचलली आणि किती तरी वेळ हातात धरून बसला.

मी अजून तिथंच बसते. उन्हं कलली की बसची वेळ होते, माणसं जमतात, मोठमोठ्यानं बोलतात. त्यांचं काही चुकत नाही. मीसुद्धा ओरडूनच भाव सांगते.