कॅरिझ्मा चार

मेघनाताईंनी मला पहिल्यांदा ठार मारलं ते हडपसरला, त्यांच्याच हॉलमध्ये, रविवारी सकाळी अकरा वाजता.

पोहे खाता खाता.

आज सकाळी त्या गेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ऑफिसातले पाच जण दर रविवारी फासे, कागद, पेन्सिल घेऊन एक खेळ खेळायचो. प्रत्येकाचं एक पात्र. गोष्ट ताई सांगायच्या, लढायचो आम्ही.

पात्राला पॉइंट वाटून द्यायचे असतात. ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे. शेवटी कॅरिझ्मा, म्हणजे माणसांवर पडणारी छाप. त्याला कुणी विचारत नाही. उरलेसुरले पॉइंट तिथे.

मीही तेच केलं. ताकद अठरा, कॅरिझ्मा चार. वाशीमहून आलेला, वाघोलीत तीन वर्षं राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेला माणूस दुसरं काय करणार?

पण ताईंचा घरचा नियम होता. लढाईत पडलात की गोष्ट सांगणाऱ्याने वीस आकड्यांचा फासा टाकायचा. आकडा कॅरिझ्माच्या आत आला, तर गावातलं कुणीतरी येऊन उचलणार. नाहीतर खेळ खलास.

मी पडलो. कुणी आलं नाही.

मी भांडलो. खेळाच्या पुस्तकात असा नियमच नाही म्हणालो.

"अहो, मग पुस्तकाकडे जा खेळायला," ताई म्हणाल्या. "इथे पडलेल्याला माणसं उचलतात."

दोन रविवार रुसून बसलो. तिसऱ्या रविवारी नवं पात्र घेऊन गेलो, कॅरिझ्मा चौदा. नियम बरोबरच होता. यावर आजही माझ्याशी कुणी वाद घालू नये.

ताई ऑफिसात टेस्टिंग लीड, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टीमच्या प्रमुख. न तपासलेलं काही त्यांच्या हातून पुढे जायचं नाही. आजार वाढला तेव्हा गोष्ट सांगायची खुर्ची मला द्यायचं त्यांनी ठरवलं, पण आधी माझं टेस्टिंग. एक रविवार मी चालवणार, त्या खेळणार.

स्वतःच्या पात्राला त्यांनी मुद्दाम कॅरिझ्मा दिला चार.

ते पात्र पडलं. फासा मी टाकायचा होता, गोष्ट सांगणाऱ्यापुढे उभा असतो त्या पुठ्ठ्याच्या आड. कुणाला दिसणार नव्हता.

सतरा.

समोर डोक्याला रुमाल बांधलेल्या ताई. मला तीन म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"कुणी आलं नाही, ताई," मी म्हणालो.

ताईंनी पुठ्ठा बाजूला केला, फासा बघितला.

"पास," म्हणाल्या. "आजारी बाई बघून खोटं बोलला असतात, तर खुर्ची मिळाली नसती."

मग नवा कागद ओढून त्यांनी दुसरं पात्र लिहायला घेतलं. कॅरिझ्मा अठरा. ते खेळायला त्यांना रविवार मिळाला नाही.

पुढच्या रविवारी खेळ त्यांच्याच हॉलमध्ये आहे. त्यांच्या मिस्टरांनीच तसं सांगितलंय. कुणी पडलं, तर मी खरं तेच सांगेन.

निवांत जा, ताई.