भोंग्याच्या आधी उठणारा माणूस

नाव : शैलेंद्र मनोहर गर्गे. वय : पन्नाशीच्या पुढे. राहणार : कारखान्याची कॉलनी, खमरिया, जबलपूर. व्यवसाय : कारखान्यात सुपरवायझर, उरलेल्या वेळात विमा (पत्नीच्या नावाने), प्लॉट (मेहुण्याच्या नावाने) आणि पाण्याचे फिल्टर (कोणाच्याच नावाने नाही). ओळखीची खूण : सदर इसम भोंग्याच्या आधी उठतो. कोणत्याही भोंग्याच्या वेळी तो आडवा आढळलेला नाही.

खमरियात कारखान्याचा भोंगा वाजला की घराघरांत भात चढतो, पोरं आंघोळीला पळतात. शैलेंद्रसाठी तो नुसता इशारा होता, की दिवसातला आणखी एक तुकडा विकायचा राहिला. ‘बसला तो संपला’ हे त्याचं वाक्य. मुलगी प्रणोती म्हणायची, “बाबा, थोडं बैठा ना,” आणि तो उभ्याउभ्याच चहा संपवायचा.

संक्रांतीच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, “दो महीना आराम. आराम मतलब आराम.”

शैलेंद्रने तो हुकूम मानला. सकाळच्या भोंग्याला व्हरांड्यातल्या खुर्चीवर हजर व्हायचं, जेवणाच्या भोंग्याला उठायचं, पुढच्याला पुन्हा खुर्ची. रस्त्यावरून कोणी विचारलं, “गर्गे भैया, आराम चल रहा है?” की तो म्हणे, “एकदम टाइम पे.” पुढच्या तपासणीत रक्तदाब आधीपेक्षा जास्त निघाला. आरामात एवढी मेहनत केलेला रुग्ण डॉक्टरांनी बहुधा पाहिला नसावा.

मग एका दुपारी विनता, म्हणजे त्याची बायको, हळदीकुंकवाला गेली आणि हा स्कूटर काढून पनागरला गेला. एक गिऱ्हाईक प्लॉट पाहायला येणार होतं. मटारच्या शेताला लागून जागा. हात पसरून दाखवताना छातीत कळ आली, डावा हात जड झाला. तो म्हणाला, “और पानी चालीस फुट पे है, मीठा.” आणि मग बांधावर बसला. गिऱ्हाइकाला वाटलं, माती दाखवायला बसले असतील. त्याने वाकून मातीही पाहिली.

त्याच गिऱ्हाइकाने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. झटका नव्हता, पण पुढच्या वेळी सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी विनता त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. आधी बोलला तोच.

“कळ आली ना, तर मी आधी वाक्य पुरं केलं.”

“कोणतं?”

“पाणी गोड आहे, हे.”

विनता वळली. “आहे का गोड?”

“माहीत नाही. मी कुठं प्यायलो?”

त्याने स्कूटरची चावी तिच्यापुढे ठेवली, मोबाइलही. चावी तिने तांदळाच्या डब्यात पुरली. फोन वाजत राहिला तेव्हा तिनेच उचलून सांगितलं, “वो अब नहीं बेचते.” काय ते कोणी विचारलं नाही.

तरी भोंगा झाला की खुर्ची करकरायचीच.

“काहून उठले?”

“उठलो नाही. पाय उठून राहिले.”

“त्यांना सांगा, तुमची सुट्टी आहे.”

“सांगतो. ऐकून नाही राहिले.”

विनताला त्या करकरीची सवय झाली. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना ती भोंग्याकडे कान द्यायची, मग खुर्चीकडे. खुर्ची वाजली, म्हणजे आहेत.

मार्चमध्ये एके दिवशी दुपारचा भोंगा झाला आणि खुर्ची वाजली नाही.

ती पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. शैलेंद्रची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं, एक चप्पल पायातून निसटलेली. तिने नाकापुढे बोट धरलं. काही लागेना. बोटाला पीठ होतं. तिने ते पदराला पुसलं आणि पुन्हा धरलं.

पलीकडून शेजारच्या शकुने हाक दिली, “वहिनी, तुमची पोळी जळून राहिली.”

“जळू दे,” विनता हळूच म्हणाली आणि बोट तिथेच ठेवलं.

भोंगा केव्हाच थांबला होता. शैलेंद्र गर्गे घोरत होता.