नाकातोंडात पाणी

माझ्या वडिलांनी आपल्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. दारं, खिडक्या, चौकटी हे त्यांचं काम. त्यांनी बसवलेलं दार एका बोटाने लोटा, कुरकुर न करता मिटतं. लाकूड तासायची पटाशी तळहातात घुसली होती तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरांना ते म्हणाले होते, "टाके जरा सरळ रेषेत घ्या हां, लोक हात बघतात माझा." असा माणूस.

नाक मात्र त्यांचं पहिल्यापासून तक्रारखोर. आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकात गेलेला. हळूहळू ते इतकं चोंदलं की जेवताना घास चावायचा थांबवून तोंडाने श्वास घ्यायचे. घोरण्याबद्दल तर आई म्हणायची, "दिवसा करवत चालवतात ते कमी पडतं, म्हणून झोपेतही चालवतात." वास येणं बंद झालं तेही त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. ते आम्हाला कळलं ते लाकूड चिकटवायचा सरस जळाला तेव्हा. शेगडीवर सरसाचं भांडं ठेवून ते शेजारीच रंधा मारत उभे होते. भांडं करपलं, धूर झाला, समोरच्या दुकानातले शिंपीकाका ओरडत धावत आले आणि मिस्त्री आपले पाठ फिरवून फळी गुळगुळीत करतायत.

त्या दिवशी आईने फर्मान काढलं. "आता तुमचं काही ऐकायचं नाही. उद्या दुकान बंद."

डॉक्टर बाई तरुण होत्या, पण बोलण्यात पक्क्या. नाकात द्राक्षांच्या घडासारख्या मऊ गाठी झाल्या होत्या. दुर्बिणीने आतल्या आत काढता येतील म्हणाल्या. बाबा एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला जावं तसे ऑपरेशनला गेले. सगळं नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर "वॉर्डाचं हे दार घासतंय, कोणी बसवलंय?"

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर एक मऊ प्लास्टिकची बाटली आणि मिठाच्या पुड्या घेऊन आल्या. गोऱ्यापान, ठेंगण्या, हसतमुख. "काका, अर्धं काम आम्ही केलं, उरलेलं तुमचं. पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, ही पुडी त्यात विरघळवायची. बेसिनवर वाकायचं, मान जरा तिरकी, तोंड उघडं. मग बाटली हळूच दाबायची. एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. सकाळी आणि संध्याकाळी. जोरात नाक शिंकरायचं नाही. चला, एकदा माझ्यासमोर करा."

बाबांचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"घरी करतो," ते म्हणाले. "इथे नको, लोक आहेत."

घरी ते रोज बाटली भरून न्हाणीघरात जायचे, आतून कडी लावायचे. पाण्याचा आवाज यायचा. थोड्या वेळाने पंचाने तोंड टिपत बाहेर यायचे. आई समाधानाने मान हलवायची. पुढच्या तपासणीला मी त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मिस्त्री, रोज धुताय ना?"

"धुतो की."

"मग इतक्या खपल्या कशा धरल्या? हे असंच राहिलं तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटतील. सगळी मेहनत पाण्यात जाईल."

त्यांनी नळीने ओढून ओढून नाक साफ केलं. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, खुर्चीचे हात त्यांनी असे आवळले होते की मला वाटलं आता उपटून हातात येतात. रिक्षात मी विचारलं, "बाबा, खरंच धुता ना?" ते रस्त्याकडे बघत राहिले.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. संध्याकाळी बाबा न्हाणीघरातून पंचा घेऊन बाहेर आले, तेव्हा ती दारातच उभी होती. तिने हात पुढे केला आणि त्यांच्या मिशीवरून बोट फिरवलं.

"अहो, नाकातून बाटलीभर पाणी वाहिलं आणि मिशी कोरडी? ही मिशी आहे की छत्री?"

मला हसू फुटलं. बाबांना नाही फुटलं. ते खाटेच्या कडेवर बसले, पंचाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. नाकासमोर चालणारा माणूस, खोटं पकडलं गेल्यावर काय करायचं याची त्याला सवयच नव्हती.

"मी लहान असताना कालव्यात पडलो होतो," ते म्हणाले.

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. आई म्हणाली, "हे मला कधी बोलला नाहीत."

"कोणालाच नाही. ताईने केसाला धरून ओढलं मला बाहेर. घरी सांगू नकोस म्हणून तिला शपथ घातली होती. नाकातोंडात पाणी गेलं होतं, वरखाली काय ते कळत नव्हतं. ते नाकात जे होतं ना, जळजळ... ते अजून आहे. बाटली नाकाशी नेली की हात थांबतो. रोज ठरवून आत जातो. रोज बाटली मोरीत ओततो."

मला एकदम कितीतरी गोष्टी कळल्या. बाबा तोंडावर पाणी मारून घ्यायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. आंघोळीला तांब्या नेहमी खांद्यावर, डोक्यावर नाही. आई त्याला 'मांजराची आंघोळ' म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. बाबाही हसायचे.

आई त्यांच्या शेजारी बसली. "अहो, कालव्यात तुमच्या हातात काही नव्हतं. इथे बाटली तुमच्या हातात आहे. दाबाल तेवढंच पाणी येईल. सोडली की बंद."

बाबांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "त्या न्हाणीघरात नको. तिथे भिंती अंगावर येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले, आम्ही दोघी मागे. दार उघडं टाकलं, उजेड आत येऊ दिला. कामाच्या मेजावरचा भुसा आईने ओल्या फडक्याने पुसून काढला. मेजाला लाकूड पकडायचा शिकंजा असतो, त्याची मूठ त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेली. त्याच्यासमोर त्यांनी स्टुलावर बादली ठेवली, डाव्या हाताने मूठ धरली, उजव्या हातात बाटली. वाकले.

पहिल्यांदा पाणी नाकाला लागलं मात्र, बाटली उडाली ती थेट दारांच्या थप्पीवर. बाबा खोकत, हात झटकत मागे सरले. मी पुढे धावले, आईने मला दंडाला धरून थांबवलं.

"घाई नको," ती मला म्हणाली. "त्यांचं त्यांना करू दे."

बाबांनी बाटली उचलली. मी ती धुऊन पुन्हा भरून दिली. या वेळी त्यांनी पाणी नुसतं नाकपुडीच्या कडेला लावलं आणि थांबले. परत लावलं, परत थांबले. नवीन लाकडावर रंधा मारताना ते असेच करतात. आधी हलका हात, लाकूड कसं वागतं ते बघायचं, मग जोर. शिकंजाच्या मुठीवर बोटं पांढरी झाली होती.

"तोंड उघडं ठेवा बाबा," मी म्हणाले. "आ करा."

"आ," बाबा म्हणाले आणि त्यांनी बाटली दाबली.

तो 'आ' मी अजून विसरलेली नाही. आधी घाबरलेला, मग लांबलेला, मग चक्क आश्चर्याचा. दुसऱ्या नाकपुडीतून पाणी आलं, बादलीत पडलं. आधी नुसतं पाणी, मग त्यात काळपट खपल्या, रक्ताचे धागे, काय काय. बाबा थांबले नाहीत. बाटली संपेपर्यंत दाबत राहिले. मग मी बाटली पुन्हा भरून दिली, त्यांनी बाजू बदलली आणि उरलेलं नाकही धुतलं. मिशीतून पाणी ठिबकत होतं, शर्टाची कॉलर भिजली होती, डोळे लालभडक. त्यांनी मान वर केली आणि नाकाने, नुसत्या नाकाने, एक लांब श्वास घेतला.

"अगं," ते आईला म्हणाले, "हवा थंड असते."

आई मागे वळली आणि उगाचच फळ्या आवरायला लागली.

त्यानंतर दुकानातला सकाळचा पहिला कार्यक्रम ठरून गेला. शिंपीकाका तर समोरून विचारायचे, "काय मिस्त्री, आज गटार साफ झालं का?" बाबाही मोठ्याने उत्तर द्यायचे, "झालं! तुमचं तुंबलं असेल तर या!" रोज सोपं गेलं असं नाही. काही दिवस हात पुन्हा थांबायचा. अशा दिवशी ते दारात दोन फेऱ्या मारायचे, परत यायचे आणि धुवायचे. टाळलं मात्र एकदाही नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर काम सुरू केलं तेव्हा तोंडाला मास्क लावला, तोही कुरकुर न करता. एका सकाळी त्यांनी कापलेली फळी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. विचारलं तर म्हणाले, "ओळखीची आहे."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि सिस्टरना बोलावून दाखवलं, "बघा, असं नाक हवं." बाबांनी छाती अशी काढली की जणू नाक त्यांनीच घडवलं होतं. तसं बघितलं तर घडवलंच होतं.

आम्ही निघणार इतक्यात सिस्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. बाकावर एक बाई बसल्या होत्या. बस चालवायच्या, अजून खाकी गणवेशातच होत्या. मांडीवर नवी कोरी बाटली, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी अशी धरली होती की जणू आता फुटेल. ऑपरेशन झालं होतं, पण नाक धुवायचं नाव काढलं की रडू येत होतं त्यांना. "मोठी बस चालवते मी घाटात," त्या सिस्टरना म्हणत होत्या, "आणि याला घाबरते. लाज वाटते हो."

मला वाटलं बाबा चार धीराचे शब्द बोलतील आणि निघतील. चारचौघांत स्वतःबद्दल बोलणं त्यांना कधी जमलेलं नाही. पण ते बाईंसमोर स्टूल ओढून बसले.

"बाई, मी कालव्यात बुडत होतो लहानपणी," ते म्हणाले. बाकावरची सगळी माणसं ऐकत होती. "म्हातारा होत आलो, पण नाकाला पाणी लागलं की अजून हात मागे येतो. डॉक्टरांशी खोटं बोललो मी. यांना विचारा." डॉक्टर दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "लाज कसली त्यात? भीती आहे तर आहे. तिला सोबत घेऊन वाकायचं."

मग त्यांनी सिस्टरांकडून कोमट पाणी, पुडी आणि नवी बाटली मागून घेतली. खिशातून रुमाल काढून खांद्यावर टाकला, हात धुतले आणि सगळ्यांसमोर, कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकून, मोठ्याने 'आ' म्हणत नाक धुतलं. एक बाजू, मग दुसरी. कोणीतरी तोंड वाकडं केलं, कोणीतरी हसलं. बाबांना काही फरक पडला नाही.

"बेसिन जरा खाली बसवलंय," मान वर करून ते म्हणाले. "पण चालतंय. या तुम्ही. मी इथेच उभा आहे. बाटली तुमच्या हातात."

बाई उठल्या. पहिल्या वेळी ठसका लागला, दुसऱ्या वेळी अर्ध्यावर थांबल्या. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते, हलका हात, हलका हात, तोंड उघडं. तिसऱ्या वेळी पाणी दुसऱ्या नाकपुडीतून आलं आणि बाई रडत रडत हसायला लागल्या. सिस्टरांनी टाळी वाजवली. बाकावरच्या एका आजोबांनीही वाजवली.

तोंड पुसत बाई माझ्याजवळ आल्या. "हे तुमचे कोण?"

"वडील," मी म्हणाले. गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणाले, सगळं बाक वळून बघेल इतकं.